कमांड दाबलं की विंडोज, कंट्रोल दाबलं की भलतंच: रिमोट डेस्कटॉपमध्ये मॉडिफायर बटणं कशी बदलायची?

तिरपा_कर्सर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावतो, कारण अर्धवट सांगितलं की 'आधी हे केलंत का' मध्येच दहा प्रतिसाद जातात.

माझं मशीन मॅकबुक. कामाचं सगळं मात्र लांबच्या एका विंडोज मशीनवर, तिथे आरडीपीने (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल, म्हणजे लांबचं विंडोज आपल्या पडद्यावर चालवायची सोय) जातो. ॲप मायक्रोसॉफ्टचंच. आधी त्याला मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप म्हणायचे, सप्टेंबर २०२४ पासून 'विंडोज ॲप' म्हणतात. (हे नाव ज्याला सुचलं त्याने ते घालून एकदा मदत शोधून दाखवावी.)

दुखणं बोटांचं आहे. सेव्ह म्हटलं की माझा डावा अंगठा आपोआप स्पेसबारशेजारच्या कमांडवर पडतो. रिमोटमध्ये कमांड म्हणजे विंडोज बटण. त्यामुळे कमांड-एस केलं की फाइल सेव्ह होत नाही, सर्च उघडतो. कमांड-टी केलं की नवा टॅब राहिला बाजूला, खालच्या टास्कबारवरची चिन्हं एकेक करून उजळायला लागतात. आणि ब्राउझरच्या ॲड्रेसबारमध्ये जायला कमांड-एल केलं की आख्खं सेशन लॉक. परवा मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करून काहीतरी दाखवत होतो आणि पाच मिनिटांत तीनदा स्वतःलाच बाहेर काढलं. तिसऱ्यांदा पासवर्ड घालताना कोणीतरी माइक चालू ठेवून हसत होतं.

ॲपच्या सेटिंगमध्ये मॅकचे शॉर्टकट वापरण्याची एक खूण आहे, ती केली आहे. त्याने कॉपी, कट, पेस्ट, सिलेक्ट ऑल, अनडू आणि फाइंड एवढे सहा सुधारतात. बाकीचे जैसे थे.

मग मी डोकं लावलं. मॅकच्या सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्डखाली 'मॉडिफायर कीज' (कंट्रोल, कमांडसारखी, दुसऱ्या बटणाबरोबर धरायची बटणं) आहे, तिथे कमांड आणि कंट्रोलची अदलाबदल केली. शिवाय खबरदारी म्हणून विंडोजकडेही ऑटोहॉटकीची (बटणांचे अर्थ बदलणारं सॉफ्टवेअर) दोन ओळींची स्क्रिप्ट टाकली: विंडोजचं कंट्रोल, कंट्रोलचं विंडोज.

निकाल: रिमोटमध्ये काडीचाही फरक नाही, आणि आता मॅकवर कॉपी-पेस्ट करायलाही बोट वाकडं करावं लागतंय. कुठे चुकतंय?

---

खटकादाबे

उलट्याचं उलटं केलं की सुलटं होतं हो! मॅकने कमांडचं कंट्रोल करून पाठवलं, पलीकडे तुमच्याच स्क्रिप्टने त्या कंट्रोलचं पुन्हा विंडोज केलं. दोघांनी आपापलं काम चोख केलंय.

---

तिरपा_कर्सर

अरे देवा. 🤦

तरी प्रश्न उरतोच. एकच अदलाबदल ठेवायची तर कुठली? मॅकवरची ठेवली तर मॅक बिघडतो. विंडोजवरची ठेवली तर त्या मशीनवर आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष बसणारा सहकारी माझ्या नावाने शंख करेल.

---

पडद्यामागे

दाबलेलं बटण कुठून कुठे जातं ते एकदा नीट पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं, म्हणून जरा खोलात जातो. ज्यांना नुसता उपाय हवा त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जावं.

तुम्ही 'एस' दाबता तेव्हा आरडीपी सहसा 'एस' हे अक्षर पाठवत नाही. कीबोर्डवरचं कितव्या जागेचं बटण खाली गेलं आणि कधी वर आलं, एवढंच पाठवतं. त्या जागेच्या आकड्याला स्कॅनकोड म्हणतात. डाव्या कंट्रोलचा २९, डाव्या ऑल्टचा ५६, कॅप्सलॉकचा ५८. विंडोज बटण या घरात उशिरा आलेलं, १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डबरोबर, त्यामुळे डाव्या विंडोजला ९१ आणि सोबत 'विस्तारित' असा शिक्का लागतो. उजव्या कंट्रोलला आणि उजव्या ऑल्टला डाव्यांचेच आकडे, फक्त तो शिक्का जास्तीचा. त्या आकड्याचं अक्षर काय करायचं हे पलीकडचं विंडोज त्याच्या लेआउटप्रमाणे (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर) ठरवतं.

म्हणजे वाटेत चार नाकी आहेत. पहिलं खुद्द कीबोर्डमधली चिप. दुसरं समोरच्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम. तिसरं आरडीपीचं क्लायंट ॲप (समोरच्या मशीनवरून पलीकडे जोडणारं), आणि चौथं पलीकडचं सेशन. चारही नाक्यांवर अदलाबदल करता येते आणि कुठल्याच नाक्याला मागच्या नाक्यावर काय झालं त्याचा पत्ता नसतो. तिरपा_कर्सर यांनी दुसऱ्या आणि चौथ्या नाक्यावर एकच बदल केला, म्हणून शून्य.

आता निवड. चौथ्या नाक्यावर केलं तर त्या मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला त्रास. शिवाय ऑटोहॉटकी लॉगिनच्या आणि परवानगी विचारणाऱ्या काळ्या पडद्यावर चालत नाही. दुसऱ्या नाक्यावर सरसकट केलं तर आपल्याच घरात गोंधळ. तिसरं नाकं सगळ्यात चांगलं, पण क्लायंट ॲपं तिथे फारसं काही देत नाहीत, फार तर तुमचे ते सहा शॉर्टकट. मग उरतं काय, तर दुसऱ्याच नाक्यावर बदल करायचा, पण अट घालून: समोर आरडीपीची खिडकी असेल तरच.

मॅकवर हे कॅरॅबिनर-एलिमेंट्स या बटणं बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

---

निशाचर_०१

+१ कॅरॅबिनर. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

पेंग्विनप्रेमी

पडद्यामागे यांच्या 'नाक्यां'ना लिनक्सकडून एक पुरवणी. मी याच प्रकाराने दोन रात्री घालवल्या आहेत.

कॅप्सलॉकच्या जागी कंट्रोल ही माझी जुनी सवय. एक्स११ मध्ये (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारी व्यवस्था) सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेचा एक पर्याय दिला की झालं, वर्षानुवर्षं चाललं. फ्रीआरडीपी या आरडीपी क्लायंटने विंडोजमध्ये गेलो आणि तिथे कॅप्सलॉक पुन्हा कॅप्सलॉक! त्याच लिनक्समधून दुसऱ्या एका मशीनला व्हीएनसीने (लांबचं मशीन चालवायची दुसरी पद्धत) जोडलं, तर तिथे मात्र कंट्रोल बरोबर. एकच कीबोर्ड, एकच सेटिंग, दोन खिडक्यांत दोन तऱ्हा.

कारण कळलं तेव्हा मजा वाटली. व्हीएनसी ज्या आरएफबी प्रोटोकॉलवर चालतं तो 'कीसिम' पाठवतो, म्हणजे बटणाचा अर्थ. एक्सने अर्थ बदलला होता, तोच पलीकडे गेला. फ्रीआरडीपी मात्र अर्थाच्या भानगडीत पडत नाही, बटणाची जागा बघतं आणि त्यावरून स्कॅनकोड काढतं. जागा तर बदललेली नव्हती. एक्समॉडमॅप या एक्सच्याच आज्ञेने केलेले बदलही त्याला याच कारणाने दिसत नाहीत.

उपाय दोन. एकतर फ्रीआरडीपीलाच रीमॅपचा पर्याय देऊन 'हा आकडा आला की तो पाठव' असं सांगायचं. तो बदल त्या जोडणीपुरताच राहतो, म्हणजे पडद्यामागे म्हणतात ते तिसरं नाकं. नाहीतर त्याहून खाली जाऊन कीडी हे बटणं बदलणारं सॉफ्टवेअर वापरायचं. ते एक्सच्याही खाली कर्नलच्या पातळीवर बटण पकडतं, त्यामुळे वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था) असो, एक्स असो, आरडीपी असो, सगळ्यांना बदललेलंच दिसतं. मी कीडीवर स्थिरावलो.

अवांतर: रेमिना (लिनक्सवरचं रिमोट ॲप) वापरणाऱ्यांनो, तुमचा उजवा कंट्रोल रिमोटमध्ये गुण्यागोविंदाने चालत नसेल तर कीबोर्ड दुकानात नेऊ नका. रेमिनाने तो 'होस्ट की' म्हणून स्वतःकडे ठेवलेला असतो. प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतो.

---

शून्यप्रहर

धाग्याचं थोडं अपहरण करतो, क्षमस्व. माझ्याकडे दोन्हीकडे विंडोज. समोरच्या मशीनवर ऑटोहॉटकीने कॅप्सलॉकचं कंट्रोल केलंय. आरडीपीची खिडकी लहान असेल तर चालतं. फुलस्क्रीन केली की ऑटोहॉटकी मेल्यासारखं. बाहेर आलो की पुन्हा जिवंत. भूतबाधा आहे का?

---

पडद्यामागे

भूत नाही, हुक आहे.

ऑटोहॉटकी आणि आरडीपी क्लायंट दोघंही विंडोजला 'बटण दाबलं की आधी मला सांग' असा हुक लावून बसतात. नियम असा की ज्याने सगळ्यात शेवटी हुक लावला त्याला सगळ्यात आधी विचारतात. फुलस्क्रीनमध्ये गेल्यावर क्लायंट आपला हुक नव्याने लावतो, म्हणजे रांगेत पुढे घुसतो. बटण तिथेच गिळून पलीकडे पाठवतो, ऑटोहॉटकीपर्यंत काही पोचतच नाही.

खिडकी लहान असताना चालतं, कारण जोडणीच्या सेटिंगमध्ये 'लोकल रिसोर्सेस'खाली विंडोजची बटणजोडणी कुठे लागू करायची ते विचारलेलं असतं आणि तिथे मुळात 'फक्त फुलस्क्रीनमध्ये' असतं. आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर 'कीबोर्डहुक' नावाची ओळ दिसेल: ० म्हणजे समोरचं मशीन, १ म्हणजे पलीकडचं, २ म्हणजे फक्त फुलस्क्रीनमध्ये. ० केलंत तर ऑटोहॉटकी चालेल, पण ऑल्ट-टॅब बाहेरच्याच खिडक्या फिरवेल. तेवढं चालत असेल तर आतल्या खिडक्या फिरवायला ऑल्ट-पेजअप आणि स्टार्ट मेनूला ऑल्ट-होम आहे, कित्येक वर्षं आहे, कोणी वापरत नाही.

दुसरी युक्ती: आरडीपीची खिडकी पुढे आली की ऑटोहॉटकीने स्वतःला क्षणभर सस्पेंड करून पुन्हा चालू करायचं. त्याचा हुक नव्याने लागतो आणि तो रांगेत पुढे येतो. थोडक्यात, घुसणाऱ्याच्या पुढे घुसायचं.

---

खटकादाबे

शून्यप्रहर, नुसतं कॅप्सलॉकचं कंट्रोल हवं असेल तर हे हुकांचे उद्योग कशाला? रजिस्ट्रीतला (विंडोजच्या आतल्या सेटिंगांचा साठा) 'स्कॅनकोड मॅप' वापरा. तो हुकांच्याही आधी लागतो, आरडीपीला बदललेलंच बटण मिळतं. हाताने लिहायचं नसेल तर शार्पकीज हे छोटं सॉफ्टवेअर आहे. ॲडमिन हक्क लागतात आणि एकदा रीस्टार्ट.

हाताने लिहिणाऱ्यांसाठी: आधी आठ शून्य बाइट, मग नोंदींची संख्या, पण त्यात शेवटची रिकामी नोंदही धरायची. एक बटण बदलायचं तर संख्या २. आणि प्रत्येक नोंदीत आधी 'काय व्हायचंय' आणि नंतर 'कुठल्या बटणाचं'. मी हे उलटं लिहिलं होतं. कंट्रोलचं कॅप्सलॉक झालं. कंट्रोल-झेड करून परत फिरावं म्हटलं तर तेही जमेना.

---

शून्यप्रहर

स्कॅनकोड मॅपने झालं! दोघांनाही दंडवत. अपहरण संपलं, धागा मालकाला परत.

---

तिरपा_कर्सर

परत घेतला. कॅरॅबिनरचा वृत्तांत:

आधी विंडोजवरची स्क्रिप्ट काढली आणि मॅकच्या मॉडिफायर कीज मूळपदावर आणल्या. मग नियम लिहिला: समोर विंडोज ॲप असेल तर डावं कमांड म्हणजे डावं कंट्रोल आणि डावं कंट्रोल म्हणजे डावं कमांड. ॲपचा बंडल आयडेंटिफायर (मॅकवरची ॲपची ओळखखूण) कुठून आणायचा ते कळत नव्हतं, कॅरॅबिनरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सापडला. तिथे समोर कुठलं ॲप आहे त्याची यादी धावत असते.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग. कमांड-एस, सेव्ह. कमांड-टी, टॅब. कमांड-एल, ॲड्रेसबार! डोळ्यांत पाणी.

मग मेल बघायला बाहेर यावं म्हणून कमांड-टॅब मारलं, तर रिमोटच्या ब्राउझरचे टॅब फिरायला लागले. पुन्हा मारलं, पुढचा टॅब. बरोबरच आहे, कमांडचं कंट्रोल झालंय ना. फुलस्क्रीनमध्ये अडकलो. शेवटी ट्रॅकपॅडवर तीन बोटं सरकवून सुटका करून घेतली.

---

अर्धविराम

उजवं कमांड आहे की! त्याला हात लावू नका. आत राहायचं ते डावं, बाहेर पडायचं ते उजवं. मी दोन वर्षं असंच चालवतेय. वर आणखी एक फायदा, डावं कमांड-क्यू चुकून दाबलं तर आता पलीकडे कंट्रोल-क्यू जातं, ॲपच बंद होत नाही.

आणि एक तपासा. कॅरॅबिनर चालू असताना मॅकच्या मॉडिफायर कीजच्या पडद्यावर कीबोर्ड निवडायची यादी असते, त्यात कॅरॅबिनरचा स्वतःचा आभासी कीबोर्ड वेगळा दिसतो. त्यावर जुनी अदलाबदल राहिली असेल तर पुन्हा तुमचं दुहेरी नाटक सुरू. कॅरॅबिनरचं काम झाल्यावर मॅकची सेटिंग त्यावर लागते.

---

तिरपा_कर्सर

आभासी कीबोर्ड तपासला, साफ आहे. उजव्या कमांडची युक्ती भारी.

पण नवीनच प्रकार. उजव्या कमांड-टॅबने बाहेर गेलो, मेल वाचला, परत आलो. टाइप करायला लागलो तर ई दाबलं की एक्सप्लोरर उघडतोय, डी दाबलं की सगळ्या खिडक्या खाली. आणि सांगायला नकोच, एल आला की लॉक. कमांड पाचसहा वेळा दाबून सोडलं, ढिम्म.

---

पडद्यामागे

अडकलेलं बटण. उजवं कमांड खाली गेल्याची बातमी पलीकडे पोचली. तेवढ्यात मॅकने टॅब पकडला आणि खिडकी बदलली. तुम्ही बोट उचललंत तेव्हा समोर मेल होता, त्यामुळे 'वर आलं' ही बातमी आरडीपीला मिळालीच नाही. पलीकडचं विंडोज बिचारं अजून समजतंय की तुम्ही बटण धरून बसला आहात.

प्रोटोकॉलमध्ये याची सोय आहे. सिंक्रोनाइझ नावाचा संदेश असतो, त्यात कॅप्सलॉक-नमलॉकची स्थिती जाते आणि 'बाकी सगळी बटणं वर आहेत असं धर' हेही. खिडकी पुन्हा पुढे आली की क्लायंटने तो पाठवायचा. पण मधे कोणी बटणं बदलणारा बसला की हे वेळेचं गणित कधीकधी हुकतं.

आता, तुम्ही पाचसहा वेळा कुठलं कमांड दाबलंत? डावं दाबलं असेल तर ते आता कंट्रोल आहे. अडकलंय उजवं, आणि डाव्या-उजव्याचे आकडे वेगळे.

---

तिरपा_कर्सर

डावंच दाबत होतो. 🙈 उजवं एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं, स्टार्ट मेनू उघडला, एस्केप केलं, सगळं सुरळीत.

---

खटकादाबे

ज्यांना कुठलं अडकलंय तेच कळत नाही त्यांनी पलीकडे ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडावा. त्यावर दाबलेलं बटण रंगलेलं दिसतं.

---

टंकयंत्र

एवढं सगळं सॉफ्टवेअर कशाला? कीबोर्डच बदला. क्यूएमके (कीबोर्डच्या चिपमध्येच चालणारं सॉफ्टवेअर) चालणारा असेल तर कंट्रोल आणि विंडोज यांची अदलाबदल करायची आज्ञा त्यातच आहे, एका बटणावर बसवता येते. रिमोटमध्ये शिरताना दाबा, बाहेर येताना दाबा. कुठलंही मशीन असो, काही बसवायला नको आणि कोणाची परवानगीही नको.

एक सावधगिरी. बऱ्याच मेकॅनिकल कीबोर्डांना बाजूला 'मॅक/विंडोज' असा सरकता खटका असतो. लोकांना वाटतं त्याने हे काम होईल. तो फक्त ऑल्ट आणि विंडोज यांच्या जागा बदलतो, कंट्रोल कोपऱ्यातच राहतं.

---

अर्धविराम

टंकयंत्र, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्यांनी काय करायचं? आणि शिरताना-बाहेर येताना बटण दाबायची आठवण ठेवायची असेल, तर कमांड-एल न दाबायची आठवण ठेवणंच सोपं नाही का?

---

टंकयंत्र

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

मोडीवाचक

जरासं वेगळं. याच ॲपमध्ये मॅकवरून मराठी लिहायचं असेल तर? माझ्या मॅकवर देवनागरी लेआउट चालू आहे, पण रिमोटमध्ये सगळं इंग्रजीच उमटतं.

---

पडद्यामागे

वर म्हटलं तेच. जागा जाते, अक्षर जात नाही. पलीकडे देवनागरी लेआउट नसेल तर इंग्रजीच उमटणार. एकतर तिथे लेआउट बसवा, नाहीतर ॲपच्या कनेक्शन्स मेनूत 'कीबोर्ड मोड' आहे, तिथे स्कॅनकोडऐवजी युनिकोड निवडा. मग तयार अक्षर जातं. मी स्वतः लांब मजकूर लिहिताना युनिकोड आणि शॉर्टकटचं काम असेल तेव्हा स्कॅनकोड ठेवतो. फार सोयीचं नाही, पण चालतं.

---

मोडीवाचक

युनिकोडने उमटलं. जोडाक्षरांसकट. आभार!

---

निशाचर_०१

एक शंका राहिली. मी आधी एका मशीनवर आरडीपीने जातो आणि तिथून आत दुसऱ्या सर्व्हरवर. पासवर्ड बदलायला आतल्या सर्व्हरला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पाठवायचंय. आरडीपीत त्याच्याऐवजी असलेलं कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबलं तर बाहेरच्याच मशीनचा पडदा येतो.

---

खटकादाबे

येणारच. सगळ्यात बाहेरचा क्लायंट ते पकडतो, आतल्यापर्यंत जाऊ देत नाही. बटणांचा नाद सोडा. आतल्या सर्व्हरवर पॉवरशेल (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, 'शेल डॉट ॲप्लिकेशन' हा कॉम ऑब्जेक्ट बनवा आणि त्याची 'विंडोजसिक्युरिटी' ही मेथड चालवा. तोच पडदा येतो, पासवर्ड बदलायच्या पर्यायासकट.

---

निशाचर_०१

आला! इतके दिवस मी यासाठी ॲडमिनला मेल करत होतो.

---

तिरपा_कर्सर

आठवडा झाला, शेवटचा अहवाल. कॅरॅबिनरचा एकच नियम, फक्त आरडीपी समोर असताना, फक्त डावी बाजू. विंडोजकडे काहीही नाही, सहकाऱ्याला पत्ताही लागला नाही. ॲपमधली ती सहा शॉर्टकटवाली खूणही काढून टाकली, आता तिची गरज नाही. उजवं कमांड दिवसातून एखाददोनदा अडकतं, टिचकी मारतो.

फक्त कालपासून मॅकच्या स्वतःच्या टर्मिनलमध्ये प्रोग्रॅम थांबवायला कंट्रोल-सी ऐवजी कमांड-सी दाबतोय आणि तो थांबत का नाही म्हणून बघत बसतोय. त्याला कुठला नियम लिहायचा?

---

अर्धविराम

त्याला नको लिहू. 😄